एका राजीनाम्याची निवडणूक

ता. २१ फेब्रुवारी १९०८ रोजीं आयर्लंडच्या वायव्य भागांतील उत्तर लीट्रिम या मतदारसंघांत एक पोटनिवडणूक झाली. एका उमेदवारास ३,१०३ मतें पडलीं, दुसऱ्यास १,१५७. आंकडे इतके स्पष्ट आहेत कीं, निकालाविषयीं वाद होण्यास जागा उरूं नये. तथापि आयर्लंडचा इतिहास लिहिणाऱ्यांना या लहानशा निवडणुकीपाशीं क्षणभर थांबावें लागतें, आणि तींत जो हरला त्याचेंच नांव ते अधिक वेळां घेतात. ही जागा कोणाच्या मृत्यूमुळें रिकामी झालेली नव्हती. निवडून आलेल्या एका तरुण सभासदाचें मत बदललें, म्हणून त्यानें आपली जागा आपण होऊन मतदारांच्या स्वाधीन केली, आणि "आतां तुमचें मत काय?" असें त्यांना विचारलें. लीट्रिमच्या शेतकऱ्यांनीं त्यास काय उत्तर दिलें, आणि तें तसें कां दिलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

लीट्रिम हा आयर्लंडमधील गरीब परगण्यांपैकीं एक. लॉक अॅलन या सरोवरानें त्याचे दोन भाग पडले असून, उत्तरेचा भाग डोंगराळ आणि पाणथळ आहे. जमीन चिकण, पाऊस फार, शेतें लहान. पिकापेक्षां गाईगुरांवर लोकांचा निर्वाह अधिक. गुरांच्या बाजारांत चार पैसे मिळाले तर जमिनीचा खंड भरावयाचा, असा वर्षाचा क्रम. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळापूर्वीं या परगण्यांत दीड लाखाहून अधिक माणसें राहत होतीं. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळीं तीं चौसष्ट हजारांच्या आंत आलीं होतीं. दुष्काळानें मारलें त्यांहून कितीतरी अधिक माणसें पुढें अमेरिकेच्या वाटेला लागलीं. अशा या मुलखांत मॅनॉरहॅमिल्टन हें बाजारपेठेचें गांव आहे, आणि चार्ल्स डोलन हा त्याच गांवचा तरुण होता.

डोलन यानें पाद्री होण्यासाठीं मेनूथ येथील प्रसिद्ध विद्यापीठांत कांहीं काळ अध्ययन केलें होतें. परंतु दीक्षा न घेतां तो परत आला. १९०६ सालीं, वयाची पंचविशी गांठली असेल-नसेल तोंच, तो उत्तर लीट्रिमतर्फे पार्लमेंटचा सभासद झाला. आणि तोही बिनविरोध. यांत नवल कांहींच नव्हतें. त्या काळीं राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक मतदारसंघांत जॉन रेडमंड याच्या आयरिश पक्षानें ज्याला उभें करावें त्यानें लढतीवांचून निवडून यावें, असाच रिवाज पडून गेला होता. मात्र पक्षाच्या उमेदवारास निवडणुकीपूर्वीं एका प्रतिज्ञेवर सही करावी लागे. पार्लमेंटांत आपण पक्षाबरोबर बसूं, पक्षाबरोबर मत देऊं, आणि आपण ही अट पाळली नाहीं असें पक्षाच्या बहुमतास वाटल्यास आपली जागा सोडूं, असा त्या प्रतिज्ञेचा आशय होता. पार्नेलच्या वेळेपासून चालत आलेल्या या शिस्तीच्या बळावरच ऐंशींच्या आसपास आयरिश सभासद लंडनमध्यें एका फळीनें उभे राहूं शकत होते.

या फळीला तडा गेला तो १९०७ च्या मे महिन्यांत. लिबरल मंत्रिमंडळाकडून आयर्लंडला स्वराज्याचा कांहीं भरीव हप्ता मिळेल, अशी रेडमंडच्या अनुयायांची अपेक्षा होती. आयर्लंडचा कारभार पाहणारे मंत्री ऑगस्टिन बिरेल यांनीं प्रत्यक्षांत जें विधेयक मांडलें, तें एका मंडळाच्या स्थापनेचें होतें. ८२ लोकनियुक्त आणि २४ सरकारनियुक्त सभासदांच्या या मंडळाकडे राज्यकारभाराचीं फक्त आठ खातीं यावयाचीं होतीं. कायदे करण्याचा अधिकार नाहीं, कर बसविण्याचा नाहीं. ता. २१ मे रोजीं डब्लिन येथें भरलेल्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेनें ही देणगी एकमुखानें झिडकारली, आणि सरकारला विधेयक मागें घ्यावें लागलें. रेडमंडनें प्रसंग ओळखून स्वतःच निषेधाचा ठराव मांडला; पण वर्षानुवर्षें लंडनला जाऊन पदरांत पडलें तें एवढेंच काय, हा प्रश्न कित्येकांच्या मनांत घर करून बसला. डोलन हा अशांपैकींच एक होता. दक्षिण किल्केनीचा जेम्स ओमारा यानें आपली जागा सोडली. उत्तर वेक्सफर्डचे सर टॉमस एस्माँड हेही कांहीं काळ डळमळले, पण शेवटीं पक्षांत परतले. डोलन मात्र त्या दोघांच्याही पुढें गेला: त्यानें नव्या पक्षाच्या नांवावर तीच जागा पुन्हां लढविण्याचें जाहीर केलें.

हा नवा पक्ष म्हणजे शिन फेन. या आयरिश शब्दांचा अर्थ 'आम्ही स्वतः' असा होतो. आर्थर ग्रिफिथ या पत्रकारानें १९०४ सालीं 'हंगेरीचें पुनरुत्थान' या नांवाची लेखमाला लिहून आपलें धोरण मांडलें होतें. हंगेरीच्या पुढाऱ्यांनीं व्हिएन्नाच्या प्रतिनिधिसभेंत बसण्याचें नाकारलें, घरीं राहून प्रतिकार चालू ठेवला, आणि १८६७ सालीं ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून आपली राज्यघटना परत मिळविली. आयर्लंडच्या सभासदांनींही लंडनला जाणें सोडावें, डब्लिनमध्यें आपली सभा भरवावी, आणि स्वदेशी उद्योग, शिक्षण व न्याय यांची उभारणी घरींच करावी, असें ग्रिफिथचें म्हणणें होतें. मतदारांपुढें हें म्हणणें आजवर पारखलें गेलें नव्हतें. तें पारखण्याची संधि डोलनच्या राजीनाम्यानें प्रथमच दिली.

येथें ब्रिटिश पार्लमेंटचा एक विलक्षण संकेत ध्यानांत ठेवला पाहिजे. तेथील सभासदास सरळ राजीनामा देतां येत नाहीं. ज्यास जागा सोडावयाची असेल त्यानें राजाच्या पदरचें एखादें नामधारी पद मागून घ्यावयाचें. असें पद धारण करणारा सभासद आपोआप जागेस मुकतो. म्हणजे इंग्रजांच्या पार्लमेंटवर बहिष्कार घालूं पाहणाऱ्या माणसालाही तेथून बाहेर पडण्यासाठीं इंग्रज राजाचीच नाममात्र चाकरी पत्करावी लागते! या मार्गानें डोलनची जागा १९०८ च्या जानेवारींत रिकामी झाली. परंतु प्रचाराची धामधूम त्यापूर्वींच, १९०७ च्या उन्हाळ्यापासून सुरू झालेली होती.

नव्या पक्षाजवळ पैसा थोडा आणि माणसें त्याहून थोडीं. तथापि तीं माणसें तयारीचीं होतीं. ग्रिफिथ स्वतः आला. बेलफास्टहून बल्मर हॉबसन आला. शॉन मॅक्डर्मट हा लीट्रिममधल्याच किल्टीक्लॉहरचा तरुण संघटक म्हणून गांवोगांव फिरूं लागला. डोलनची बाजू मांडण्यासाठीं एक स्थानिक वृत्तपत्रही काढण्यांत आलें. आणि पार्नेलची बहीण अॅना पार्नेल ही, जिनें १८८१ सालीं स्त्रियांची भूमि-संघटना उभारून जमीनदारांशीं झुंज दिली होती, ती आपल्या उतारवयांत डोलनसाठीं व्यासपीठावर उभी राहिली. तिला स्वतःला मताचा अधिकार नव्हता. आयर्लंडच्या स्त्रियांस तो मिळण्यास अजून दहा वर्षें अवकाश होता. ज्या पार्नेलच्या नांवाचा जयघोष आयरिश पक्ष करीत असे, त्याच्याच बहिणीवर लीट्रिमच्या सभेंत अंडीं फेंकलीं गेलीं.

हा दांडगेपणा उत्स्फूर्त होता असें मात्र मानण्याचें कारण नाहीं. आयरिश पक्षाच्या पाठीशीं दोन बलाढ्य संघटना होत्या. गांवोगांवच्या शाखांतून कुळांची बाजू घेणारी युनायटेड आयरिश लीग ही एक, आणि बेलफास्टचे सभासद जोसेफ डेव्हलिन यांच्या हुकमतीखालीं चालणारी हायबर्नियन मंडळी ही दुसरी. ढोल, बासऱ्या, निशाणें आणि प्रसंगीं सोटे, असा त्यांचा सरंजाम असे. शिन फेनच्या वक्त्यांना कित्येक ठिकाणीं बोलूंच दिलें गेलें नाहीं. मत गुप्त होतें हें खरें. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ पासून अंमलांत होता. परंतु खेड्यांतला माणूस कोणाच्या सभेस गेला, कोणाच्या दुकानांत थांबला, हें गुप्त राहत नसतें.

तरी पण दोन हजारांच्या या मताधिक्याचा सारा उलगडा दंडुक्यानें होत नाहीं. लीट्रिमच्या शेतकऱ्याजवळ आपलीं म्हणून कारणें होतीं, आणि तीं वजनदार होतीं. १९०३ च्या जमीन-कायद्यान्वयें सरकार कुळाला जमीन विकत घेण्यासाठीं संपूर्ण रक्कम कर्जाऊ देऊं लागलें होतें. शेंकडा सव्वातीन या दरानें साडेअडुसष्ट वर्षें हप्ते भरले कीं, जमीन त्याच्या मालकीची होत असे. पिढ्यान्पिढ्या ज्या खंडानें घरें उध्वस्त केलीं, त्या खंडाचा हा शेवट होता. पण हा व्यवहार अजून पुरा झालेला नव्हता. कोणाचा जमीनदार विकण्यास तयार नव्हता, कोणाचा खटला अडला होता, कोणी जमिनीवरून हुसकला गेलेला होता. हुसकलेल्या कुळांसाठीं १९०७ सालींच पार्लमेंटनें कायदा केला. हे कायदे लंडनमध्यें होत होते, आणि ते करवून घेण्यासाठीं आपला माणूस तेथें असला पाहिजे, हें शेतकऱ्यास कळत होतें. गाय विकावयाची असतां बाजारांत पाऊल टाकूं नका, असें सांगणाऱ्याचें म्हणणें तो ऐकून घेईल. पण संध्याकाळीं खंडाचा तगादा आला तर पुढें काय, हें तो विचारल्यावांचून राहणार नाहीं. शिन फेनजवळ या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं तयार नव्हतें. डब्लिनमध्यें भरावयाची सभा ही अजून एक कल्पना होती. कर्जाचा हप्ता ही वस्तुस्थिति होती.

पुढील घटनांनीं या शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा ठरविला नाहीं. निवडणुकीच्या वर्षींच वार्धक्य-वेतनाचा कायदा झाला, आणि १९०९ च्या पहिल्या दिवसापासून सत्तरी उलटलेल्या गरीब माणसांना आठवड्यास पांच शिलिंग मिळूं लागले. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत गेलीं अशा लीट्रिमच्या म्हाताऱ्यांना या पांच शिलिंगांचें मोल काय वाटलें असेल, हें सांगावयास नको.

निकाल लागला, आणि आयरिश पक्षाचा उमेदवार फ्रान्सिस मीहॅन पार्लमेंटांत गेला. १९१८ पर्यंत तो तेथेंच राहिला. ग्रिफिथनें पराभव मान्य करतांना १,१५७ मतांकडे बोट दाखविलें. एकूण ४,२६० मतांपैकीं चौथ्या हिश्श्याहून थोडीं अधिक अशीं हीं मतें होतीं. आणि दंडेली चालू असतां, हातीं साधनें नसतां, केवळ एका नव्या विचाराला तीं पडलीं, असा त्याचा दावा होता. दावा खोटा नव्हता, पण त्यानें जागा मिळाली नाहीं. पुढील नऊ वर्षें शिन फेननें पार्लमेंटची एकही जागा लढविली नाहीं. डोलन कांहीं काळानें अमेरिकेस निघून गेला. लीट्रिमच्या इतर हजारों तरुणांची वाट तीच त्याचीही झाली.

नंतर जें घडलें तें लीट्रिममध्यें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. १९१६ सालीं डब्लिनमध्यें उठाव झाला, आणि किल्टीक्लॉहरचा तो संघटक, शॉन मॅक्डर्मट, ता. १२ मे रोजीं गोळ्या घालून ठार केला गेला. १९१८ सालीं आयरिश तरुणांवर सक्तीची लष्करभरती लादण्याचा सरकारनें घाट घातला. लोकमत उलटलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांतील निवडणुकींत शिन फेननें ७३ जागा जिंकल्या, आणि लीट्रिमच्या मतदारांनीं प्रचंड बहुमतानें निवडून दिलेला उमेदवार होता जेम्स डोलन, चार्ल्सचाच भाऊ. नव्या सभासदांनीं लंडनची वाट धरली नाहीं. १९१९ च्या जानेवारींत ते डब्लिनमध्येंच जमले, आणि ग्रिफिथची कल्पना प्रत्यक्षांत उतरली.

या घडामोडींकडे महाराष्ट्राचेंही लक्ष होतें. डोलननें जागा सोडली त्याच्या कांहीं आठवडेच आधीं, १९०७ च्या डिसेंबरांत, सुरत येथें राष्ट्रीय सभा दुभंगली होती. सरकारकडे मागत राहावें कीं स्वतःच्या बळावर उभारणी करावी, हाच वाद तेथेंही होता. न. चिं. केळकर यांनीं १९०९ सालीं 'आयर्लंडचा इतिहास' मराठींत आणला, आणि १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं आपल्या संघास 'होमरूल' हें आयरिश चळवळींतलेंच नांव दिलें.

लीट्रिमच्या मतदारांनीं १९०८ सालीं एक निर्णय दिला आणि १९१८ सालीं दुसरा. पहिल्या वेळीं ते भ्याले आणि दुसऱ्या वेळीं जागे झाले, असें म्हणून त्यांचा निकाल लावणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. पहिल्या वेळीं त्यांच्यापुढें जमीन होती, तेव्हां त्यांनीं जमीन राखली. दुसऱ्या वेळीं त्यांच्यापुढें त्यांचे मुलगे होते. दोन्ही वेळां त्यांनीं समोरच्या गोष्टीचा विचार करून मत दिलें. चार्ल्स डोलनचा मोठेपणा असा कीं, ज्या मतदारांनीं त्याला पाठविलें होतें त्यांना पुन्हां विचारल्याखेरीज त्यांच्या नांवानें नवा मार्ग धरण्यास तो तयार झाला नाहीं. त्यास त्या दिवशीं नकार मिळाला. पण प्रश्न एकदां उघडपणें विचारला गेला होता, आणि दहा वर्षांनीं लीट्रिमनें तो पुन्हां हातीं घेतला तेव्हां तो कोणालाही नव्यानें समजावून सांगावा लागला नाहीं.