नाणेघाटाची वाट

कल्याण बंदरात उतरलेला माल पूर्वी नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील, राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई व कार्षापणे त्यात मोजली आहेत. आम्हांला मात्र लेण्यातील दगडी बाक आणि बाहेरची पाण्याची टाकी अधिक बोलकी वाटतात. आल्प्सच्या खिंडीत संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी आश्रम उभारला तो 11व्या शतकात. आपल्या सह्याद्रीत निवाऱ्याची सोय त्याच्या हजार वर्षे आधीची!

6व्या शतकात कॉस्मस या ख्रिस्ती प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियात दीक्षित झालेला बिशप असल्याचे नमूद केले. ते आपलेच कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. आपला धर्म पोर्तुगीज गलबतांतून आला, असे आपल्यातलेही काही सहज बोलून जातात. त्या बिशपांच्या कळपातील कोणी व्यापारी या बाकांवर टेकला नसेल काय?