सापाच्या अंड्यांची उबवण : उष्णता आणि ओल

वसईच्या वाड्यांत आणि भातखाचरांच्या कडेला पावसाळ्याच्या सुमारास उकिरडा उपसताना, पेंढ्याची उडवी हलविताना अथवा घराचा पाया खणताना सापाची अंडी सापडणे ही नवी गोष्ट नव्हे. अशी अंडी घरी ठेवून उबविता येतील काय, हा प्रश्न वरकरणी केवळ हौसेचा वाटतो. परंतु त्याच्यामागे सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे. आणि तो पाहिला असता असे दिसते की, अभ्यासकांचे लक्ष दीर्घकाळ उष्णतेवरच खिळून राहिले व ओलीचे महत्त्व पुष्कळ मागाहून ध्यानी आले.

या इतिहासाचा आरंभ अजगरापासून होतो. भारतात प्रवास केलेल्या लामार-पिको या फ्रेंच संग्राहकाने १८३०नंतरच्या दशकात पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे असे मांडले की, अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना स्वतःच्या अंगची ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब देतो, हे विधान विद्वानांना ग्राह्य वाटले नाही. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात भारतीय अजगराच्या निकटच्या जातीच्या एका मादीने १५ अंडी घातली. वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून वाढीव उष्णतेची नोंद केली. तरीही शंका पुरती मिटली नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे हचिसन, डाउलिंग व विनेगर यांनी दाखवून दिले की, मादी स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने आपले तापमान भोवतालाहून चार-पाच अंशांनी अधिक राखू शकते.

मुंबईतही या विषयाच्या अभ्यासास अनुकूल भूमी होती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी वैद्यकाने १९०५पासून सामान्य भारतीय सापांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. अंड्यांची संख्या, त्यांची मापे आणि पिलांची लांबी यांच्या नोंदी करण्याची शिस्त तिने घालून दिली.

ओलीचा प्रश्न मात्र वेगळ्या मार्गाने पुढे आला. पक्ष्याच्या अंड्याचे कवच कठीण असते. सापाचे चामड्यासारखे लवचिक असते. ते भोवतालचे पाणी शोषून घेते, त्यामुळे अंडे उबवणीच्या काळात फुगते व वजनाने वाढते. ओल अपुरी पडली तर त्यास खळगे पडतात. अतिरेक झाला तर बुरशी धरते व गर्भ गुदमरतो. ऑस्ट्रेलियातील एका लहान अजगरावरील २००७ च्या संशोधनाने असे दाखविले की, मादीचे वेटोळे अंड्यांतील पाण्याचा ऱ्हासही रोखते. वेटोळ्याचा अर्थ केवळ ऊब असा लावणे अपुरे होते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हवेतील बाष्प आणि मातीतील ओल या दोन भिन्न गोष्टी होत. जुलै महिन्यात वसईची हवा दमट असते. म्हणून उघड्या टोपलीतील अंडे सुरक्षित राहील, असे नाही. पंख्याच्या वाऱ्याने ते सुकू शकते. शेणखताचा ढीग अथवा वारूळ यांत अंड्याला सर्व बाजूंनी ओलसर माध्यमाचा स्पर्श व स्थिर उष्णता ही दोन्ही लाभतात. सर्पोद्यानांतील झाकणाची पेटी व तीतील ओलसर व्हर्मिक्युलाइट ही त्याचीच अनुकृती होय. अंडे ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे लागते; ते उलटल्यास गर्भ दगावण्याचा संभव असतो.

तथापि वॉलच्या काळी जे घरी करता येई, ते आज तसे करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांनाही संरक्षण दिले असून, अंड्यांना इजा करणे किंवा ती विचलित करणे यांचा अंतर्भाव शिकारीच्या व्याख्येत केला आहे. म्हणून पाया खणताना अंडी निघाली, तर काम थांबवून वनखात्यास कळविणे हाच सरळ मार्ग. कायद्याची ही दृष्टी शास्त्राच्या निष्कर्षाशी विसंगत नाही. उष्णता पेटीत सहज निर्माण करता येते; परंतु माती, ओल व हवा यांचा जो मेळ मादी जागा निवडताना साधते, तो समजण्यास अभ्यासकांना दोन शतके लागली. वसई-विरारच्या झपाट्याने बदलणाऱ्या भूमीत अशा जागा किती उरतात, यावरच पिलांचे भवितव्य अवलंबून आहे.