टेलिफोन कोणाच्या ओसरीवर होता?

काळ्या डायलचा फोन, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, नोकियावरचा सापाचा खेळ. सध्या मोबाइलवर असे फोटो फिरतात आणि त्याखाली एक ठरलेली ओळ असते : गावात एकच फोन होता, पण माणसे जोडलेली होती. मित्रांनो, फोटो आम्हालाही आवडतात. नोकिया 1100 च्या टॉर्चवर भारनियमनाच्या रात्री ज्यांनी वाट काढली, ते तो फोन कसा विसरतील? आमचा आक्षेप त्या ओळीला आहे. गावात एकच फोन होता हे खरे, पण तो कोणाच्या ओसरीवर होता?

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले 28 जानेवारी 1882 रोजी. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी 1991 मध्ये देशात शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नव्हता. औरंगाबाद–बीड रस्त्यावरच्या पाचोडसारख्या बाजाराच्या गावात फोन असायचा तो पोस्टात, ग्रामपंचायतीत, व्यापाऱ्याच्या पेढीवर नाहीतर पुढाऱ्याच्या घरी. आपल्या वस्तीतली मुले नोकरीच्या अर्जावर 'पी.पी. नंबर' लिहायची. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. तो निरोप द्यायचा की नाही, कधी द्यायचा, हे फोनच्या मालकाच्या मर्जीवर होते. मुलाखतीचा निरोप चार दिवसांनी मिळाला, तर दाद कोणाकडे मागायची? आणि फोन आलाच, तर अंगणात उभे राहून, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलायचे. याला माणसे जोडलेली होती असे म्हणायचे, की माणसे अवलंबून होती असे?

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे शहीद झाले. घरे जळाली, माणसे रानात लपली. त्या रात्री पोलिसांना कळवायला फोन कुठून करायचा? ज्यांच्यापासून जीव वाचवायचा, त्यांच्याच आळीतून? रम्य आठवणींत हा प्रश्न कधीच येत नाही.

एसटीडी बूथने पहिली भिंत पाडली. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने वातानुकूलनाशिवाय, धूळ-उन्हात चालणारी ग्रामीण एक्स्चेंज बनवली आणि फोन तालुक्याच्या पुढे सरकला. बूथमध्ये पैसे लागत, रात्री दर उतरले की रांग लागे. पण मीटर जात विचारत नव्हते. काचेचे दार लावून घेता येत होते. नामांतर आंदोलनाच्या शेवटच्या पर्वातला, 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंतचा काळ हा या बूथचाही काळ आहे.

दुसरी भिंत मोबाइलने पाडली, पण लगेच नाही. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडत. 2003 मध्ये इनकमिंग मोफत झाले, तेव्हा कुठे मोबाइल गरिबाच्या आवाक्यात येऊ लागला. मिस्ड कॉल ही बिनपैशाची भाषा आपल्या माणसांनी घडवली. कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड मजुराला घरच्या खुशालीसाठी मुकादमाचे तोंड बघणे टळले. भूमिहीनाच्या मालकीचा पहिला फोन हा मोबाइल होता, हा इतिहास आहे.

आणि त्या फोनवर भीमगीत वाजू लागले. ओसरीवर दबून बोलणाऱ्यांच्या नातवांचा खिसा भर बाजारात गाऊ लागला. हे सगळ्यांनाच पचले नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाची हत्या झाली. मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद झाला होता, अशी बातमी तेव्हा देशभर गेली. यंत्र बदलले म्हणून जात गेली नाही. घराघरात मुलीच्या हातातल्या मोबाइलवर पहारा आहे, त्यात आपलीही घरे आहेत, हेही बोलले पाहिजे.

म्हणून जुन्या फोनचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे. 1978 मध्ये विशीत असलेली माणसे आज पासष्टीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याकडे जा. गावात फोन कोणाकडे होता, निरोप कोण देत असे, हल्ल्याची बातमी कोण पायी घेऊन गेले, हे विचारा आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. नाव, गाव, साल लिहा. ही माणसे गेल्यावर फक्त फोटो आणि ती ठरलेली ओळ उरेल, आणि पुढची पिढी त्या ओळीलाच इतिहास समजेल.

जयभीम!