आमच्या लग्नांतील फुलें

जुबिलीच्या पुस्तिकेंत देवळाची पायाभरणी, धर्मगुरूंची परंपरा, घंटेचा व वेदीचा इतिहास हे विषय यावयाचेच. परंतु ज्या वेदीपुढें आमच्या आज्या-पणज्या नवऱ्या होऊन उभ्या राहिल्या, तिच्यापुढें त्यांच्या केसांत कोणतें फूल होतें, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. विषय क्षुल्लक म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये. या क्षुल्लक वस्तूवर एके काळीं राजदंड चालला आहे.

इ. स. १७३६ मध्यें गोव्याच्या इन्क्विझिशननें एक जाहीरनामा काढिला. लग्नांत देशी वाद्यें वाजवूं नयेत, ओव्या गाऊं नयेत, नवरानवरीस हळद लावूं नये, आणि नवदांपत्याच्या घरीं पानसुपारी व फुलें वांटूं नयेत, उघडपणें नाहींत व गुप्तपणेंही नाहींत, असा त्याचा आशय होता. श्री. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं आपल्या १९६१ च्या ग्रंथांत हा तपशील दिला आहे. फुलास एवढें भ्यावें कां, असें आज वाटतें. पण माणसाचा धर्म बदलला तरी त्याच्या अंगणांतील झाड बदलत नाहीं, आणि अधिकाऱ्यांस खुपत होतें तें हेंच.

आमच्या उत्तरेकडील मुलखांत मात्र हा हुकूम फार काळ चालण्याजोगा नव्हता. दुसऱ्याच वर्षीं, १७३७ सालीं, मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि मे १७३९ मध्यें वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या हातीं आला. जाहीरनामा काढणाऱ्यांची सत्ताच येथून गेली. ख्रिस्ती कुटुंबें मागें राहिलीं, त्यांचा धर्म राहिला, आणि बायकांच्या अंबाड्यावरची वेणीही राहिली. तिचें सारें श्रेय या राज्यक्रांतीस देणें योग्य होणार नाहीं. गोव्यांतही अबोली कोणास उपटून टाकतां आली नाहीं.

पांढरा झगा व हातांतील गुच्छ यांचें वळण पुढें इंग्रजांकडून आलें. राणी व्हिक्टोरियानें १८४० सालीं आपल्या लग्नांत नारिंगाच्या फुलांचा मुकुट घातला, तेव्हांपासून ती चाल विलायतेंत घरोघर गेली. गंमत अशी कीं, नारिंगाचें झाड मूळ आशिया खंडांतलें. आणि ज्या झेंडूला व निशिगंधाला आम्हीं अस्सल देशी समजतों, तीं दोन्ही मेक्सिकोकडचीं. तेव्हां अमुक फूल आपलें व अमुक परकें हा वाद फार ताणण्यांत अर्थ नाहीं. तरीही आमचें मत विचाराल तर वेणीच्या बाजूनें आहे, आणि त्याला कारण आहे: गुच्छ हातांतून खालीं ठेवावा लागतो, वेणी रात्रीपर्यंत नवरीबरोबर राहते.

फुलाची निवड आमच्याकडे पंचांगानें नव्हे, पण चर्चच्या वर्षानें होत आली. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं ठरविलें कीं, आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंत, आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या अठवड्यापर्यंत, थाटाचें लग्न लावूं नये. नियम पुढें सैल झाला, तरी प्रायश्चित्तकाळांत लग्न टाळण्याची वहिवाट अद्याप आहे. त्यामुळें लग्नें जानेवारी-फेब्रुवारींत व ईस्टरनंतर एकवटतात. थंडींतल्या नवरीला कागडा, शेवंती व गुलाब. उन्हाळ्यांतल्या नवरीला मोगरा. अबोली दोघींनाही.

दुसरा फरक घड्याळानें पडला. १९५३ सालीं पोप बारावे पायस यांनीं सायंकाळच्या मिस्सेची मोकळीक दिली. तोंपर्यंत लग्नाची मिस्सा सकाळींच होत असे. पहांटे खुडलेली मोगऱ्याची कळी सकाळीं मिटलेलीच असते, म्हणून जुन्या नवरीच्या वेणींतील मोगरा देवळांत मुका असे आणि मांडवांत संध्याकाळीं बोलूं लागे. आतां चार-पांच वाजतां लग्न लागतें, आणि तीच कळी केसांत असतांनाच उमलते.

पूर्वीं फूल घराजवळचेंच असे, कारण बैलगाडीच्या वाटेवर तें टिकत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली व पुढल्या वर्षींच्या मे महिन्यांत कल्याणास पोहोंचली. त्यानंतर हें बंधन हळूहळू सुटलें. वसईच्या वाडींतील माळणी फुलांच्या टोपल्या घेऊन पहांटेच्या गाडीनें दादरास जातात, हें कोणी नव्यानें सांगावयास नको. (वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आमच्याच ठाणें जिल्ह्यांत होता, आतां पालघरांत आहे.) कल्याणास बाजार समितीच्या आवारांत फुलांचा बाजार भरतो, आणि तेथें घाटावरची शेवंती, झेंडू व हरितगृहांतील जरबेरा येतो. डोंबिवलीच्या देवळांत गोंयकार, मंगळूरकर, वसईकर व मल्याळी नवऱ्या एकाच वेदीपुढें उभ्या राहतात; सर्वांचीं फुलें याच बाजारांत मिळतात. जरबेऱ्याला मात्र वास नाहीं, आणि बिनवासाच्या फुलांनीं भरलेलें देऊळ आम्हांस कागदाचें वाटतें.

आतां व्यवहार. मोगऱ्याची कळी भरलेली, पांढरी व टणक घ्यावी. हिरवट बारीक कळी उमलतच नाहीं. ती ओल्या मलमलींत गुंडाळून केळीच्या पानांत ठेवावी. उमललेल्या फुलावर पाणी शिंपूं नये, डाग पडतात. निशिगंधाची काडी खालचीं दोन-तीन फुलें उमललेली अशी निवडावी. गुलाबाचा देंठ तिरपा कापावा, पाण्याखालीं येणारीं पानें काढावींत, पाणी रोज बदलावें. फुलें व लग्नासाठीं आणलेलीं केळीं एका खोलींत ठेवूं नयेत. पिकत्या फळांतून इथिलीन नांवाचा वायू निघतो व त्यानें फुलें लवकर गळतात. पुष्कळ घरीं हा घोटाळा आदल्या रात्रींच होतो, आणि दोष फुलवाल्याला मिळतो.

देवळांतील फुलें वेदीच्या पाटावर न ठेवतां तिच्या भोंवतीं ठेवावींत, असें मिस्साग्रंथाच्या प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. आणि एकाच दिवशीं दोन लग्नें असतील तर दोन्ही घरांनीं आधीं भेटून एकच सजावट करावी, म्हणजे दुसऱ्या लग्नापूर्वीं पहिल्याचीं ताजीं फुलें कोणी काढून टाकणार नाहीं.