काळे कण

आज २० ऑगस्ट, जागतिक डास दिन. नाव ऐकून हसू येतं खरं, पण या तारखेची गोष्ट आपल्या शेजारची आहे, सिकंदराबादची.

१८९७ साल. रोनाल्ड रॉस हा लष्करातला डॉक्टर दोन वर्षं डास चिरत बसला होता. हिवताप डासांमार्फत पसरत असावा, हा अंदाज लंडनच्या पॅट्रिक मॅन्सनचा. रॉसला तो डोळ्यांनी बघायचा होता. ऑगस्टचा उकाडा, आणि पंखा ओढायची सोय नाही, वाऱ्यानं डास उडून जायचे. घामानं मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेले, आयपीसला तडा गेलेला. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण डासांना स्वतःला चावू द्यायचा, एका डासामागे एक आणा घेऊन. (नोबेल १९०२ मध्ये रॉसला मिळालं. असो.)

दोन वर्षं हाती काही लागलं नाही, कारण डासच दुसऱ्या जातीचे होते. मग पंखांवर ठिपके असलेले डास मिळाले, ज्यांना आपण ॲनाफिलीस म्हणतो. २० तारखेला अशाच एकाच्या जठराच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्यात बारीक काळे कण.

सगळा शोध त्या कणांत आहे. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराननं १८८० साली अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला, त्याच्यात हेच काळे कण होते. रॉसनंही रुग्णांच्या रक्तात ते कितीदा तरी बघितले होते, म्हणून डासाच्या पोटात त्यानं ते ओळखले. भिंग काय, धूळही मोठी करून दाखवतं आणि रंगाचा डागही. त्यातलं कामाचं कुठलं, हे बघणाऱ्यालाच कळावं लागतं.

आजही तसंच आहे. ताप आला की बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर एक जाड थर, एक पातळ थर देतात. जाड थरात परजीवी आहे का ते कळतं, पातळ थरात कुठला ते. व्हायव्हॅक्स की फाल्सिपेरम, यावर औषध ठरतं. ‘नाही’ म्हणण्याआधी टेक्निशियननं किमान १०० फील्ड बघायची असतात. झटपट किटचा दुर्गम भागात मोठा आधार आहे, नाकारत नाही. पण फाल्सिपेरमचं किट रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि रक्तात परजीवी किती आहेत हे ते सांगत नाही.

गडचिरोलीच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत गेला तर माणूस हातचा जातो. तिथे आठ दिवसांनी आलेल्या रिपोर्टचं काय करायचं?

नवा मायक्रोस्कोप आला की हार घालून फोटो काढतात. टेक्निशियनचं पद रिकामं राहिलं तर त्याची बातमी होत नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते पद भरलंय का आणि काचपट्टीचा रिपोर्ट किती दिवसांनी येतो, पुढच्या ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळालं तर इथे खाली लिहा.