अतिरिक्त कार्यभार : डीजीपीची खुर्ची आणि टेम्पररी पॅच

'अतिरिक्त कार्यभार' हा शब्द बातम्यांत ऐकला असेलच. ऐकायला साधा, पण त्यात बरंच राजकारण दडलंय.

राज्याच्या पोलीस प्रमुखाचं पद सातव्या वेतन आयोगात लेव्हल १७ चं. मूळ पगार दरमहा २,२५,००० रुपये, फिक्स. बाकीचे महासंचालक लेव्हल १६ वर. पण खरा मुद्दा पगार नाही, मुदत आहे. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यूपीएससीने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून एक नेमा आणि त्याला किमान दोन वर्षं द्या. प्रकाश सिंह स्वतः माजी डीजीपी, खुर्ची कशी हलते हे त्यांना माहीत होतं.

राज्यांनी पळवाट काढली. 'तात्पुरता' डीजीपी नेमायचा! मुदतच नाही, म्हणजे नाराजी झाली की लगेच बाजूला. शेवटी ३ जुलै २०१८ ला कोर्टाने 'कार्यकारी डीजीपी' नेमायलाच मनाई केली.

मग आपल्याकडे? जानेवारी २०२१ मध्ये सुबोध जयस्वाल केंद्रात गेले. त्यानंतर हेमंत नगराळे, रजनीश सेठ, संजय पांडे, तिघांकडेही अतिरिक्त कार्यभारच. आम्ही प्रोडक्शनमध्ये टेम्पररी पॅच टाकतो ना, तस्सं. तो कधी निघत नाही. वर्ष उलटलं, हायकोर्टाने सरकारला धारेवर धरलं, तेव्हा कुठे १८ फेब्रुवारी २०२२ ला सेठ यांची रीतसर नेमणूक झाली.