एका भिंतीचे दोन फड

नुसते ‘बाळापूर’ म्हटले की ऐकणारा अकोल्याकडचे, किल्ल्याचे बाळापूर समजतो. म्हणून आम्ही आधी ‘आखाडा’ लावतो. आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. नावातच आखाडा असलेल्या गावच्या माणसाला नाट्यगृहाच्या इतिहासात काय रस, असे कोणी विचारील. उत्तर आमच्या भागातल्या कुठल्याही जत्रेत मिळते. दुपारभर कुस्त्या. शेवटची मानाची कुस्ती सुटली, नारळ-फेटा झाला, की तीच माणसे अंगावरची धूळ झटकून रात्रीच्या खेळासाठी पुढची जागा धरायला पळतात. मराठीनेही या दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे: फड. कुस्तीचा फड आणि तमाशाचा फड. पैलवान फड मारतो, शाहीरही फड मारतो.

जत्रा उठली की दोन्ही फड मोडतात. कनाती गुंडाळल्या जातात, मातीत पुन्हा ढेकळे होतात. हे दोन्ही फड पाठीला पाठ लावून पक्क्या बांधकामात उभे केल्याचे उदाहरण महाराष्ट्रात एकच ठळक आहे, ते कोल्हापुरात. पुढे खासबाग कुस्ती मैदान म्हणा आणि मागे नाट्यगृह, किंवा उलट. पुढची बाजू कोणती, हे तुम्ही कुठल्या नादाने आलात त्यावर ठरते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री यातले नाट्यगृह जळाले. आता ते पुन्हा ‘होते तसे’ उभे करायचे आहे. ‘होते तसे’ म्हणजे कसे, हे ठरवायचे तर तारखा एकापुढे एक मांडून पाहाव्या लागतात.

पहिली तारीख १९०२ची. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. समारंभ २६ जूनला व्हायचा होता. राजाचे अपेंडिक्सचे दुखणे निघाले आणि तो ९ ऑगस्टवर गेला. या प्रवासात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून खासबाग सुचले, असे कोल्हापुरात सगळेच सांगतात. सांगणे खोटे नाही, पण अर्धे आहे. कलोसियममध्ये दगडाचे मजले एकावर एक चढवून प्रेक्षक उंच नेला आहे. खासबागेत जमिनीलाच उतार दिला आहे. मधोमध लाल मातीचा हौद, आणि भोवती चढत जाणाऱ्या जमिनीवर फतकल मारून बसलेली माणसे. शेवटच्या माणसालाही पकड दिसते, आणि बसायला खुर्ची लागत नाही. ही बैठक रोमची नाही, नदीकाठच्या दरडीवर बसून कुस्ती पाहणाऱ्यांची आहे. गोल आकाराचे श्रेय रोमला द्यावे, उताराचे आपल्या जत्रेला.

मैदान १९१२ला पुरे झाले. त्याला लागून नाट्यगृहाचे काम १९१३ला निघाले आणि १९१५ला संपले. नाव ठेवले ‘पॅलेस थिएटर’. १९०१च्या शिरगणतीत कोल्हापूरची वस्ती ५४,३७३ होती. आजच्या मापाने मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. एवढ्याशा वस्तीला दगडी नाट्यगृह कशाला, याचे एक उत्तर रेल्वेत आहे. मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली १८९१ला. संगीत नाटक कंपनी म्हणजे चाळीस-पन्नास माणसे, पडद्यांच्या गुंडाळ्या, पेट्या, भटारखाना, असा फिरता संसार. तो बैलगाडीवरून न्यायचा आणि रेल्वेने न्यायचा, यात महिन्यांचा फरक पडतो. गाडी आल्यावर मुक्काम नेमाने होऊ लागले, आणि नेमाने येणाऱ्या पाहुण्याला पक्के घर लागतेच.

या घराची एक गोष्ट जुने प्रेक्षक आवर्जून सांगत: प्रेक्षागृहात नजरेच्या आड येणारा खांब नाही. नाटक मंडळ्या अनेकदा मांडवात खेळ करीत, आणि मांडव म्हणजे खांब आलेच. खांबामागे बसलेल्याला नायिकेचे पद फक्त ऐकू यायचे. तेव्हा खांब काढून टाकणे ही त्या काळी मोठी सुधारणा होती. खासबागेच्या उतारामागचाच विचार इथे छताखाली आला.

आता नावाचा प्रश्न. आज ते संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे, त्यामुळे ते केशवरावांसाठीच बांधले असा समज सहज होतो. तारखा त्याला आधार देत नाहीत. केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०चा. पण त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली ती १९०८ला, हुबळीत. पॅलेस थिएटर उभे राहिले तेव्हा ते पंचविशीत होते आणि त्यांची कंपनी गावोगाव फिरत होती. ‘हाच मुलाचा बाप’ १९१६चे, ‘संन्याशाचा संसार’ १९१९चे. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ला विषमज्वराने केशवराव गेले, वय एकतीस. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले. नाट्यगृहाला केशवरावांचे नाव मिळाले ते १९५७ला, म्हणजे त्यांच्यामागे छत्तीस वर्षांनी. म्हणून १९५७च्या आधीचा कागद शोधणाऱ्याने ‘केशवराव’ हे नाव घेऊन दप्तरात शिरू नये. तिथे ते ‘पॅलेस’ म्हणूनच भेटेल.

म्हणजे एकाच वास्तूचे निदान तीन अवतार होतात. संस्थानचे पॅलेस थिएटर, १९५७नंतरचे केशवराव भोसले नाट्यगृह, आणि शताब्दीच्या सुमारास मोठे नूतनीकरण होऊन नव्या खुर्च्या, नवे दिवे, नवी ध्वनियोजना घेऊन उभे राहिलेले महापालिकेचे नाट्यगृह. ८ ऑगस्टला जळाले ते हे तिसरे. त्या रात्रीच्या बातम्यांत आग मागून, खासबागेच्या मंचाच्या बाजूने आत शिरल्याचे आहे. छत कोसळले, लाकूडकाम गेले, दगडी दर्शनी भाग उभा राहिला. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. रंगकर्मी जमले ते जळक्या इमारतीसमोर, आणि अभिवादन तिथेच झाले. राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले. आश्वासन एकच होते: जसे होते तसेच.

हे शब्द कोल्हापूरच्या आधी व्हेनिसने वापरले आहेत. शाहू महाराज विलायतेला गेले त्याच १९०२ साली, १४ जुलैला, तिथला सेंट मार्कचा मनोरा ढासळला. नगरपालिकेने ठरवले: जसा होता तसा, जिथे होता तिथे. नवा मनोरा एप्रिल १९१२मध्ये खुला झाला, खासबाग पुरे झाले त्याच वर्षी. पुढे २९ जानेवारी १९९६ला व्हेनिसचे ला फेनिचे हे नाट्यगृह जळाले तेव्हा पुन्हा तेच वाक्य निघाले, आणि आठ वर्षे सरता सरता, डिसेंबर २००३मध्ये, पडदा वर गेला. पण ला फेनिचे हे त्याआधी १८३६लाही जळून पुन्हा बांधलेले होते. त्यामुळे ‘जसे होते तसे’ म्हणजे १८३७चे, हे आधी ठरवावे लागले. आतली नक्षी, सोनेरी काम, सज्ज्यांचे रंग कसे होते, याचा एक पुरावा सापडला तो चक्क सिनेमात. व्हिस्कोंतीने १९५४च्या ‘सेन्सो’ या चित्रपटाची सुरुवात त्याच नाट्यगृहात चित्रित केली होती. कारागिरांनी त्या दृश्यांतल्या चौकटी समोर ठेवून काम केले. प्रेमकथा पाहायला आलेल्यांनी ज्याकडे ढुंकूनही पाहिले नसेल, ती मागची भिंत पन्नास वर्षांनी कामाला आली.

कोल्हापूरला कुठले वर्ष धरायचे? १९१५ धरले तर शताब्दीच्या सोयी सोडाव्या लागतील, आणि ते कोणी मान्य करणार नाही. आगीपूर्वीची संध्याकाळ धरली तर जळाले तेवढेच परत येईल, आणि त्यातले बरेचसे गेल्या काही वर्षांतलेच होते. माझ्यापुरते मी बाह्यरूप १९१५चे आणि यंत्रे आजची असे धरतो, पण एका अटीवर. आग मागून आली म्हणून मागची बाजू खासबागेपासून तोडून टाकू नये. अग्निरोधक भिंत घाला, वायरी लोखंडी नळीतून न्या, पाण्याचे फवारे बसवा. पण मैदान आणि मंच यांची पाठीला लागलेली पाठ सुटली, तर जे उरेल ते दुसऱ्या कुठल्याही शहरातल्या नाट्यगृहासारखे असेल.

आणि पुरावा? कोल्हापूर हे सिनेमाचे गाव. बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग कॅमेरा हाती घेतला. तरी मला जास्त भरवसा वाटतो तो हौशी मंडळींच्या फोटोंचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगानंतर सगळ्यांनी मेकअपसकट रांगेत उभे राहून काढलेले फोटो, स्नेहसंमेलनातला बक्षीस समारंभ, सत्काराची शाल, आणि खाली अंधारात पहिल्या चार रांगा. छायाचित्रकाराचा नेम चुकलेला, नायकाचा चेहरा हललेला, आणि त्याच्या डोक्यावर बाल्कनीचा कठडा मात्र गज न् गज मोजता यावा इतका स्वच्छ आलेला. असा फोटो लोक फेकून देतात. कुणाच्या ट्रंकेत तो अजून पडून असेल, तर आधी कठडा पाहावा, मग नायक.